खून पटतो, तपास पटत नाही

‘देवमाणूस’ ही खुनी डॉक्टरची मालिका झी मराठीवर पहिल्यांदा सुरू झाली तेव्हा, म्हणजे २०२०च्या ऑगस्टअखेरीस, आमच्या घरी रात्री साडेदहाला टीव्हीसमोर चौघं बसायचो. मी, आई, आत्या आणि शेजारचे काका. काका पोलिसातून सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालेले. नोकरीतली निम्मी वर्षं त्यांनी ठाण्यात रायटर म्हणून काढली. साहेब तोंडी सांगायचे आणि कागदावर उतरवायचे काका.

एका रात्री आत्या वैतागून म्हणाली, “गावातल्या बायका एकामागून एक नाहीशा होतायत आणि कुणाला संशय म्हणून येत नाही? काहीही दाखवतात!”

काका म्हणाले, “ताई, ते होतं. ते मला पटतंय. ही एसीपी गावात कुठून आली, तेवढं मला सांगा.”

एसीपी म्हणजे सहायक पोलीस आयुक्त. जिथे आयुक्तालय, तिथेच हे पद. मुंबई, पुणे, नागपूर, सोलापूर अशा शहरांत. साताऱ्यासारख्या जिल्ह्यात कारभार पोलीस अधीक्षकांचा, त्यांच्या हाताखाली अपर अधीक्षक आणि प्रत्येक उपविभागाला उपअधीक्षक, म्हणजे डीवायएसपी. नेहा खान यांनी केलेली एसीपी दिव्या सिंग खेड्यात येऊन तपास करते, हे ग्रामीण महाराष्ट्रात नोकरी केलेल्या कुठल्याही पोलिसाला पहिल्याच दिवशी खटकणार. आत्याला ते कधीच खटकलं नसतं. तिला खटकलं ते काकांना रोजचं होतं.

एकाच मालिकेवर दोन माणसं, दोघांनाही ‘हे पटत नाही’ असंच म्हणायचंय, आणि बोटं मात्र वेगवेगळ्या ठिकाणी ठेवलेली. गुन्हेगारी मालिकांवर आपल्याकडे घराघरांत जे वाद होतात ते ऐकताना मला ही रात्र नेहमी आठवते. हे वाद मला महत्त्वाचे वाटतात. ‘एवढं काय मनावर घेता, मालिका तर आहे’ असं म्हणून ते उडवून लावणाऱ्यांशी माझं जमत नाही. आपल्यापैकी बहुतेकांनी पोलीस ठाण्याची पायरी चढलेली नसते, कोर्टात साक्ष दिलेली नसते, शवविच्छेदनाचा अहवाल हातात घेतलेला नसतो. ठाण्यात काय होतं, अटक कशी होते, जामीन कशाला म्हणतात, हे आपण मालिकांतूनच शिकतो. तेव्हा तिथे काय दाखवलं जातं यावर भांडायलाच हवं. माझी तक्रार एवढीच आहे की आपण बरेचदा चुकीच्या जागी भांडतो. घटना किती अचाट आहे यावर आपण रात्री घालवतो, आणि माणसं नि यंत्रणा कशी वागतात हे तसंच निसटून जातं.

घटनेचं म्हणाल तर खऱ्या आयुष्यात जे घडून गेलंय ते कुठल्याही लेखकाने लिहिलं असतं तर आपण त्याला हाकलून दिलं असतं. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला परभणी जिल्ह्यातल्या मानवतमध्ये बायकांचे आणि लहान मुलींचे खून होत राहिले, आणि तपासातून पुढे आलं ते गुप्तधन आणि अपत्यप्राप्तीसाठीच्या बळींचं प्रकरण. १९७६-७७ मध्ये पुण्यात कला महाविद्यालयातल्या चार तरुणांनी दहा माणसं मारली. घराघरांत शिरून, दोरीने गळे आवळून. त्या काळात पुण्यातले रस्ते संध्याकाळनंतर ओस पडायचे, हे आमच्या आधीच्या पिढीकडून ऐकतच आम्ही मोठे झालो. चौघांना १९८३ मध्ये येरवड्यात फाशी झाली. ही दोन प्रकरणं कोरी करून, नावं बदलून, एखाद्या वाहिनीकडे नेली असती तर ‘एवढं ताणू नका’ असंच सांगितलं गेलं असतं.

आणि वाई. ऑगस्ट २०१६ मध्ये एका अंगणवाडी कार्यकर्तीच्या बेपत्ता होण्याचा तपास करताना पोलीस धोमला डॉक्टर म्हणून वावरणाऱ्या एका माणसापर्यंत पोहोचले. त्याच्या जागेतून मृतदेह उकरून काढले गेले आणि त्याच्यावर सहा खुनांचा आरोप ठेवला गेला. पहिला २००३ मधला. तेरा वर्षं. ‘देवमाणूस’चं नाव याच प्रकरणाशी जोडलं गेलं, आणि म्हणूनच तिच्यावरचा वाद इतर मालिकांपेक्षा मला जास्त लागतो.

आत्याचा प्रश्न याच तेरा वर्षांबद्दल होता. एवढी वर्षं कुणालाच कसं कळलं नाही?

काकांनी त्याचं उत्तर मालिकेच्या ब्रेकमध्ये दिलं, आणि ते कुठल्याही भागापेक्षा भयंकर होतं. सज्ञान माणूस हरवला की गुन्हा दाखल होत नाही. ‘मिसिंग’ची नोंद होते. अठरा वर्षांखालचं मूल असेल तर अपहरणाचा गुन्हा नोंदवतात, पण पस्तीस वर्षांची बाई घरातून निघून गेली तर रजिस्टरला एक ओळ लागते, चौकशी एखाद्या हवालदाराकडे जाते, आणि त्या हवालदाराकडे आधीच बंदोबस्त असतो, समन्स-वॉरंट असतात, जत्रा असते. नातेवाईक आठ दिवस येतात. मग पंधरा दिवसांनी. मग सणाला. दरम्यान ठाण्यात कुणीतरी म्हणून गेलेलं असतं, “गेली असेल कुणाबरोबर.” ते वाक्य एकदा उच्चारलं की चौकशी तिथेच संपते. या तालुक्यातली एक, पलीकडच्या तालुक्यातली एक, तीन वर्षांनी आणखी एक. प्रत्येक ओळ वेगळ्या रजिस्टरात. त्या ओळी शेजारी ठेवून बघायचं काम कुणाचंच नसतं.

हे ऐकून आत्या गप्प झाली. तिला जे अशक्य वाटत होतं ते शक्य करणारी यंत्रणा कुणा राक्षसाने उभारलेली नव्हती. ती रोजच्या कंटाळ्यातून, अपुऱ्या माणसांतून आणि बाईविषयीच्या एका सवयीच्या वाक्यातून उभी राहिलेली होती. मालिकेने हे दाखवलं असतं तर आत्याचा प्रश्नच उरला नसता. पण मालिकेत तपासाच्या आड आलं ते प्रेम. अधिकारी बाई संशयिताच्या प्रेमात पडते. प्रेम पडद्यावर दिसायला सोपं असतं, रजिस्टरातला रकाना दाखवणं अवघड. तरीही मी म्हणेन की इथे लेखकांनी खरी भीती हातची सोडली आणि खोटी पकडली.

असं का होतं याचं कारण लेखकांच्या कुवतीत शोधू नये. ते धंद्याच्या गणितात आहे. रोजची मालिका आठवड्याला सहा भाग मागते, वर रविवारी महाएपिसोड. टीआरपीचे आकडे दर गुरुवारी येतात आणि त्यावर पुढची गोष्ट ठरते. गोष्ट कधी संपणार हे लिहिणाऱ्याला ठाऊक नसतं. सासू-सुनेच्या मालिकेत हे खपून जातं, कारण भांडणाला शेवट नसला तरी चालतो. खुनाच्या गोष्टीला मात्र शेवटच असतो. खुनी सापडला की गोष्ट संपली. आकडे चांगले असतील तर खुनी सापडता कामा नये, आणि खुनी सापडू नये म्हणून पोलिसांना मूर्ख ठेवावं लागतं. दारामागे उभ्या असलेल्या माणसाची सावली त्यांना दिसत नाही. फोनची रिंग वाजते आणि अधिकारी नेमका वळतो. पुरावा हातात येतो आणि त्याच रात्री जळतो. एकदा झालं तर योगायोग, चाळीस वेळा झालं की बघणाऱ्याच्या बुद्धीचा अपमान. ‘काहीही दाखवतात’ हा उद्गार माझ्या मते या लांबणीविरुद्धचा आहे. फक्त तो नेमक्या शब्दांत येत नाही.

याउलट ‘सीआयडी’ घ्या. १९९८ पासून वीस वर्षं चाललेली ती मालिका, तिच्यात न पटण्यासारखं काय नव्हतं? प्रयोगशाळेत थेंब टाकला की विषाचं नाव कळायचं. शिवाजी साटम यांचे एसीपी प्रद्युम्न बोटं फिरवायचे, दयानंद शेट्टींचा दया दार तोडायचा, आणि गुन्हेगार एका थपडेत कबूल करायचा. तरी लोकांनी तिच्यावर जीव लावला, आणि मला त्यात विसंगती दिसत नाही. प्रेक्षकांशी तिची बोली वेगळी होती. मी खेळ दाखवते, तुम्ही खेळ बघा. बुद्धिबळाच्या पटावर घोडा अडीच घरं का चालतो असं कुणी विचारत नाही. कुणाच्या खऱ्या मृत्यूवर ती उभी नव्हती. दिग्दर्शक बी. पी. सिंग यांनीच त्याआधी दूरदर्शनवर ‘एक शून्य शून्य’ केली होती, ती पोलिसांच्या फायलींतल्या गोष्टींवर, आणि त्या मालिकेकडून लोकांची अपेक्षाही वेगळी होती. पोलिसांच्या फोन नंबरचंच नाव घेतल्यावर ठाणं खरं दिसायला हवं, एवढं साधं आहे ते. ज्या मालिकेला खऱ्या घटनेचं वजन हवं असतं तिने खऱ्या घटनेचं ओझंही उचलावं.

‘पण खरा तपास दाखवला तर कुणी बघेल का? कंटाळवाणा असतो,’ असं या क्षेत्रातली माणसं म्हणतात. मला हे अजिबात मान्य नाही. काकांनी एकदा आम्हाला पंचनामा कसा होतो ते सांगितलं, आणि आई भाजी निवडायची थांबली. 

खोलीत चाकू पडलाय. मालिकेत अधिकारी खिशातून रुमाल काढतो, चाकू उचलतो, प्लास्टिकच्या पिशवीत टाकतो, संपलं. प्रत्यक्षात आधी दोन पंच शोधायचे. मध्यरात्री कुणाचं तरी दार वाजवायचं, आणि दार उघडणाऱ्याच्या चेहऱ्यावरूनच कळतं की हा कोर्टात उभा राहील की नाही. सुरू केल्याची वेळ लिहायची. चाकू कुठल्या भिंतीपासून किती अंतरावर, टोक कुठल्या दिशेला, पात्याची लांबी, मुठीचा रंग. रक्ताने ओला झालेला कपडा प्लास्टिकमध्ये बांधला तर कुजतो, म्हणून तो सावलीत वाळवून कागदात गुंडाळायचा. वर पंचांच्या सह्यांचं लेबल, दोऱ्यावर लाखेचं सील. संपल्याची वेळ. मग मुद्देमाल कोठडीत जमा, तिथून कलिनाच्या किंवा विभागाच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेकडे. आणि चार वर्षांनी, त्या रात्री दार उघडलेला माणूस साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहतो आणि म्हणतो, “सही माझी आहे, पण मला कोऱ्या कागदावर घ्यायला लावली होती.” पंच फितूर. खुनी समोर बसलाय आणि त्याच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलत नाही.

यात नाट्य नाही असं कोण म्हणेल? जमिनीत पुरलेला देह उकरायचा तर तहसीलदार हजर लागतो, डॉक्टर लागतो. पोलीस फावडं घेऊन रात्री एकटे जात नाहीत. तहसीलदार येईपर्यंत सगळं गाव बांधावर जमलेलं असतं. ज्यांची माणसं हरवलीत ती घरंही त्यात असतात, आणि खड्ड्यात कोण निघणार ते कुणालाच माहीत नसतं. हे दृश्य मराठी मालिकेत बघायला मिळावं म्हणून मी कितीही दिवस थांबेन.

कबुलीजबाबाचंही तेच. मालिकेत गुन्हेगार पोलिसांपुढे मोडतो, रडतो, सगळं सांगतो, आणि आपण सुटकेचा श्वास टाकतो. कायद्यात त्या रडण्याला किंमत नाही. पोलिसांपुढे दिलेली कबुली पुरावा म्हणून चालत नाही, हे १८७२च्या पुरावा कायद्यापासूनचं आहे आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ते तसंच ठेवलंय. आरोपीने दाखवलेल्या जागेतून वस्तू निघाली तर तेवढाच भाग धरला जातो. असं का, याचं कारण आपल्याला ठाऊक असायला हवं: कोठडीत मारून कुणाकडूनही काहीही वदवून घेता येतं. पण वर्षानुवर्षं पडद्यावर थप्पड आणि कबुली एकत्र बघितलेल्या माणसाला कायद्याची ही भिंत अडथळा वाटू लागते. मग तो म्हणतो, कबूल केलंय ना, आता कोर्ट कशाला?

हे नुसतं म्हणण्यापुरतं राहत नाही. डिसेंबर २०१९ मध्ये हैदराबादजवळ बलात्कार-खुनाच्या गुन्ह्यातले चार संशयित पोलिसांच्या गोळ्यांनी मारले गेले तेव्हा लोकांनी पोलिसांवर फुलं उधळली. आपल्याकडेही पेढे वाटले जावेत अशीच भावना होती. माझ्या ओळखीतल्या शिकल्यासवरल्या माणसांनी त्या दिवशी आनंद कळवला होता. सर्वोच्च न्यायालयाने न्यायमूर्ती विकास सिरपूरकर यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. सिरपूरकर आपले विदर्भातले. २०२२ मध्ये त्या आयोगाचा अहवाल उघड झाला: गोळीबार जाणूनबुजून, मारण्याच्या हेतूने केलेला होता. ज्यांनी आनंद कळवला होता त्यांच्यापैकी एकानेही अहवालाबद्दल काही कळवलं नाही. मालिकांनी हे केलं असं मी म्हणत नाही. पण गोळी म्हणजे गोष्टीचा शेवट, हे आपल्या अंगवळणी कुठे पडलं याचा विचार करताना मला टीव्हीकडे बघावंच लागतं.

आता कलाकारांबद्दल. घटनेइतकेच, किंबहुना जास्त, वाद कुणाला कुठली भूमिका दिली यावरून होतात, आणि इथे मराठी प्रेक्षकाचा कान फार तयार आहे असं माझं मत आहे. डोळा मात्र अजून चुकतो.

किरण गायकवाड ‘देवमाणूस’मध्ये डॉक्टर अजितकुमार देव झाले तेव्हा लोकांना ‘लागिरं झालं जी’मधला भैय्यासाहेब आठवत होता. “हा कसला डॉक्टर? हा तर गावगुंड,” असं आई पहिल्या दिवशी म्हणाली. महिन्याभरात ती त्याच्या आवाजाला घाबरू लागली. निवड अचूक होती, आणि ती का अचूक होती हे सांगायला हवं. गावात माणसाचा विश्वास बसतो तो डिग्रीवर नाही. ‘मावशी, गोळी घेतली का?’ असं दारावरून जाताना विचारणाऱ्यावर बसतो. गायकवाड यांच्या बोलण्यात ते वळण आहे. गुळगुळीत शहरी चेहऱ्याचा, शुद्ध बोलणारा डॉक्टर घेतला असता तर तो पहिल्या भागातच खुनी वाटला असता, आणि ‘एवढ्या बायका याच्याकडे जातात कशा?’ हा प्रश्न उभा राहिला असता. म्हणजे योग्य माणूस निवडला की घटनाही पटते. आत्याचे निम्मे आक्षेप त्या एका नटाने परतवले.

तसाच वाद ‘मानवत मर्डर्स’च्या वेळी झाला. ऑक्टोबर २०२४ मध्ये ती सोनी लिव्हवर आली. मकरंद अनासपुरे म्हटलं की आपल्याला हसू येतं, ही वीस वर्षांची सवय, आणि त्यांना त्या प्रकरणातला आरोपी उत्तमराव बारहाते केलं म्हणून अनेकांनी आधीच नाक मुरडलं. मला ती मालिकेतली सगळ्यात धाडसी आणि सगळ्यात योग्य निवड वाटली. ते मराठवाड्याचे. मानवतच्या वाड्यात बसून तो माणूस बोलतो तेव्हा भाषा उसनी वाटत नाही, आणि ज्या आवाजावर आपण इतकी वर्षं हसलो तोच आवाज हळू झाला की अंगावर काटा येतो. आशुतोष गोवारीकर यांचे रमाकांत कुलकर्णीही मला पटले, कारण ते ऐकतात. मुंबईहून आलेला मोठा अधिकारी गावात पाऊल टाकताच बोलायला लागत नाही, आधी ऐकून घेतो. तपास म्हणजे बहुतांशी ऐकणंच. पडद्यावर पोलीस करणाऱ्या कितीतरी नटांना गॉगल घालता येतो, ऐकता येत नाही.

‘रात्रीस खेळ चाले’चा अनुभव वेगळा. तिसऱ्या पर्वात २०२१ मध्ये अपूर्वा नेमळेकर बाहेर पडल्या आणि शेवंताच्या भूमिकेत कृतिका तुळसकर आल्या, तेव्हा केवढी ओरड झाली. त्या ओरडीत खरं दुःख होतं हे मी मान्य करते. दुसरं आख्खं पर्व आपण त्या चेहऱ्याबरोबर काढलं होतं. पण ओरड बघता बघता नव्या अभिनेत्रीच्या अंगलटीवर, रंगावर, हसण्यावर घसरली, आणि ते मला तेव्हाही रुचलं नाही, आजही नाही. माधव अभ्यंकरांच्या अण्णा नाईकांकडे बघताना आपण त्यांच्या नजरेबद्दल बोलतो, आवाजाबद्दल बोलतो. बाईची भूमिका बदलली की मोजपट्टी काढतो. ही बाई हे काम करताना खरी वाटते का, एवढाच प्रश्न असायला हवा. वर्दीतल्या बायकांबद्दल तर हे दोन्हीकडून होतं. निर्माते रात्रीच्या छाप्यालाही तिला मोकळे केस आणि लिपस्टिक देतात, आणि प्रेक्षक ‘पोलीस शोभत नाही’ म्हणताना तिची उंची मोजतात. खांद्यावरच्या फितीकडे दोघांचंही लक्ष नसतं. तीन स्टार आणि खाली लाल-निळी पट्टी असेल तर पोलीस निरीक्षक, म्हणजे पीआय, पट्टी नसेल तर डीवायएसपी किंवा एसीपी. काका पहिल्यांदा तेवढंच बघायचे, आणि बरेचदा तिथेच मान हलवायचे.

आणखी एक गोष्ट प्रत्येक घरात होते. ओळखीचा नट चार वाक्यांच्या भूमिकेत दिसला की कुणीतरी म्हणतंच, “हाच खुनी.” आणि बहुधा तोच निघतो. एवढा नावाजलेला माणूस नुसता चहा द्यायला कशाला येईल? रहस्यकथेचं रहस्य श्रेयनामावलीतच फुटतं. यावर उपाय साधा आहे. नाटकांतून, एकांकिकांतून, कोल्हापूर-सांगली-सिंधुदुर्गच्या हौशी मंडळांतून अनोळखी चेहरे घ्यावेत. आपल्याकडे तशा माणसांची वानवा कधीच नव्हती. ‘देवमाणूस’मधल्या सरू आजीला, रुक्मिणी सुतार यांना, लोकांनी डोक्यावर घेतलं. गावाकडची अशी म्हातारी प्रत्येकाने आपापल्या घरात पाहिलेली होती.

पण या सगळ्यांपेक्षा मला ज्याची काळजी वाटते ती गोष्ट वादात येतच नाही. संशयितांची रांग आठवा. पहिल्या चार भागांत पोलीस ज्यांना उचलून आणतात ती माणसं कशी असतात? काळी, किडकिडीत, फाटक्या बनियनमधली. वस्तीवरची. बोलताना ‘जी साहेब, न्हाय साहेब’ म्हणणारी. गावात चोरी झाली की आधी पारध्याच्या पालावर जायचं, हे पडद्यावर आलं की आत्या ‘असं कसं?’ विचारत नाही, आईही विचारत नाही, आणि मीही कित्येक वर्षं विचारलं नव्हतं. १८७१ साली इंग्रजांनी कायदा करून काही जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवलं. स्वतंत्र भारताने १९५२ मध्ये तो रद्द केला. पण आपल्या मनातला तो कायदा अजून चालूच आहे, आणि नटांची निवड करणारा माणूस तो रोज राबवतो. आपल्याला डॉक्टर खुनी आहे हे पटायला दीडशे भाग लागतात आणि पालावरचा माणूस चोर आहे हे पटायला एक चेहरा पुरतो. न पटणाऱ्या गोष्टींवर आपण तावातावाने बोलतो. जे काही न विचारता पटून जातं, त्यावरच खरं तर बोलायला हवं.

काकांनी यावर एकदाच तोंड उघडलं. म्हणाले, “आम्ही पण तेच करायचो. रात्री उचलून आणायचं, सकाळी सोडायचं. त्याची नोंद नाही कुठं.” आणि उठून गेले.

‘देवमाणूस’चं पहिलं पर्व संपलं, नंतर दुसरं आलं, २०२५ मध्ये ‘मधला अध्याय’ही आला. आमची साडेदहाची बैठक तोवर मोडली होती. आत्या गावी राहायला गेली. काकांना रात्रीचं जागरण सोसेना. पण मध्यंतरी एका दुपारी ते आमच्याकडे आले असताना कुठल्याशा जुन्या मालिकेचं पुनःप्रक्षेपण चालू होतं, आवाज बारीक केलेला. ठाण्याचा प्रसंग. एक बाई मुलगी हरवल्याची तक्रार द्यायला आलेली, बाकावर अर्धीच टेकलेली. कामाला एखादी अनोळखी अभिनेत्री. तिचं नाव मला आजतागायत माहीत नाही. टेबलामागचा पोलीस तिच्याकडे न बघता एकेक रकाना विचारत होता. वय. उंची. रंग. केस. मग म्हणाला, “अंगावर काय होतं?”

बाई थांबली. तिने साडीचा रंग सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग पदराचं टोक हातात घेऊन बघत राहिली, जणू तिथे लिहिलेलं असावं. “सकाळी मी रानात होते,” एवढंच म्हणाली.

काका पुढे सरकून बसले. “आवाज वाढव,” म्हणाले. मी वाढवला. तोवर प्रसंग संपून जाहिरात लागली होती. काका बराच वेळ त्या जाहिरातीकडेच बघत होते. मग म्हणाले, “रकाना कोरा ठेवायचो आम्ही. वर लिहायचो, माहिती देणारीस सांगता येत नाही.”